कळबाईचा चौथा प्लग

माझ्या सासूबाईंना अख्खं गाव कळबाई म्हणतं, आणि तोंडावर म्हणतं. बत्तीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या. 'कळ आली, आता जोर! अजून! झोपलीस काय?' असं ज्या बायकांवर खेकसून त्यांनी त्यांची सुटका केली, त्यांतल्या निम्म्या आज रस्त्यात भेटल्या की हसतात आणि निम्म्या रस्ता बदलतात. नाव तिथून पडलं, पण टिकलं ते दुसऱ्याच कारणांनी. कुणाची तरी कळ काढल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. आणि घरात कुठल्याही यंत्राला कळ दिसली की ती दाबून, झाकण उघडून, आत काय आहे ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी माझा नवाकोरा मिक्सर खोलून टेबलावर मांडला होता.

'आवाज करत होता,' म्हणाल्या.

आता मिक्सर आवाज करणार नाही तर काय पाढे म्हणणार? पण त्यांचं म्हणणं, ही खरखर वेगळी होती. आणि मेली ती होतीच वेगळी. आत एक वॉशर कमी निघाला. तेव्हापासून मी त्यांच्याशी वाद घालायचं सोडलं. म्हणजे मोठ्याने घालायचं सोडलं.

आमचं घर तीन खोल्यांचं. एकीत आम्ही, एकीत स्वयंपाक, आणि एकीत टीव्ही, सोफा, इस्त्रीचे कपडे, आल्यागेल्यांच्या चपला आणि सासूबाई. आतून बंद करता येईल अशी त्यांची हक्काची जागा एकच, अंगणात उभी असलेली त्यांची गाडी. दुपारी काचा वर करून त्या आत बसतात, पेपर वाचतात, मध्येच डुलकी काढतात. कधी मनात आलं की किल्ली फिरवून निघून जातात. कुठे, ते विचारायची सोय नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, 'पेट्रोल जाळायला.' या बाईला गाडी नसती तर माझं आणि तिचं पहिल्याच वर्षी फाटलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्यांनाही.

गेल्या महिन्यात गाडी झटके द्यायला लागली आणि एक दिवस भर चौकात बंद पडली. मागे बस, टेम्पो, सगळ्यांची हॉर्नची बोंब. सासूबाईंनी खाली उतरून एकेकाची अशी काही हजेरी घेतली, की कुणीतरी ते फोनवर टिपून माझ्या नवऱ्याला पाठवलं. झालं! त्याच्या डोक्यात तिडीकच गेली.

'आई, बस झालं. तू अडुसष्ट वर्षांची, गाडी बावीस वर्षांची. रविवारी पाचला जुन्या गाड्या घेणारा येतोय. देऊन टाकायची.'

'का?'

'का म्हणजे? मेस्त्री काय म्हणाला ते ऐकलंस ना? स्पार्क प्लग गेलेत. आणि मागचा प्लग काढायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागेल.'

'त्याचं पोट खाली उतरव, हात आपोआप जाईल त्याचा.'

मी फिसकन हसले. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हॉर्न मीच वाजवले होते.

'आणि पाचच्या आत गाडी नीट चालली तर?' सासूबाईंनी विचारलं.

'तर ठेव. जन्मभर ठेव, मी पुन्हा शब्द काढणार नाही.'

जिथे हरायची भीती नसते तिथे माझा नवरा फार उदार होतो.

रविवारी तो सकाळीच मित्राकडे पळाला. 'मला बघवणार नाही,' म्हणाला. मलाही झोपायचं होतं. विमा कंपनीत फोनवर लोकांच्या शिव्या ऐकायचं काम करते मी, सहा दिवस. सातव्या दिवशी माणसाने मेल्यासारखं पडावं एवढीच माझी अपेक्षा असते. पण नऊ वाजता पांघरूण ओढलं गेलं.

'ऊठ. टॉर्च धर.'

'अहो आई, चहा तरी—'

'बॉनेटवर ठेवलाय.'

खरंच ठेवला होता, दोन कप, शेजारी चार नवे प्लग, एक पाना, त्याला जोडायच्या दोन दांड्या आणि त्यांचा दवाखान्यातला जुना स्टेथोस्कोप. मला वाटलं, म्हातारी आता इंजिनची छाती तपासते की काय. त्यांनी कात्री घेतली आणि त्याची रबरी नळी कचकन बोटभर कापली. बत्तीस वर्षं गळ्यात घातलेली वस्तू, पण चेहऱ्यावर काही नाही.

'आता कुणाचे ठोके ऐकायचेत मला?' म्हणाल्या, आणि बाह्या वर केल्या.

आता ही गाडी बनवणाऱ्याला माझा एक साधा प्रश्न आहे. बाबा रे, तुला हात होते का? इंजिन म्हणजे गच्च भरलेली बॅग, वर बसून चेन लावलेली. प्लग चार, आणि चारही इंजिनच्या मागच्या अंगाला. म्हणजे पुढून वाकलं तर इंजिन आड येतं, आणि मागून हात घालावा तर गाडीची लोखंडी भिंत. पहिले तीन निदान टॉर्चमध्ये दिसत तरी होते. चौथा एका पाइपाखाली, वायपरच्या मोटारीच्या पोटाशी लपून बसलेला. तो आहे यावर नुसता विश्वास ठेवायचा.

'बघायचं नसतंच,' सासूबाई म्हणाल्या. 'मी काय डोळ्यांनी बाळं काढली? हाताला कळतं.'

पहिल्या तिघांचं काम त्यांनी इतकं झटपट उरकलं की मी टॉर्च धरून नुसती शोभेला. वायरची टोपी मुरगळून काढायची, भोवतीची धूळ फुंकायची, पाना लावायचा, जुना बाहेर. मग नव्या प्लगच्या पांढऱ्या शेंड्यावर ती रबरी नळी चढवायची आणि नळीला धरून आत सोडून फिरवायचा. मी विचारलं, नळी कशाला? तर म्हणाल्या, प्लगला स्क्रूसारखे आटे असतात, आणि तसेच आटे इंजिनच्या डोक्यात आतून असतात. आट्यात आटा नीट बसला तर प्लग आपसूक आत जातो. तिरका लागला तर रबर घसरतं, आणि इंजिनचे आटे वाचतात. पान्याने जोर केला तर पाना काही ऐकत नाही, आटे खाऊन टाकतो, मग इंजिनचं डोकंच बाद.

आटे या विषयावर आमच्याकडे जपूनच बोलावं लागतं, कारण नवऱ्याच्या मते आम्हां दोघींचेही ढिले आहेत.

चौथा जुना प्लग काढायला तीन तास गेले. पाना एका वेळी पाव वळसाही फिरेना. सासूबाई बॉनेटमध्ये कमरेपर्यंत घुसल्या होत्या, बाहेर नुसती साडी आणि दोन पाय. एका पायातली चप्पल कधीच गळून अंगणात पडली होती. तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय तसाच. मी म्हटलं, 'आई, चप्पल.' त्या म्हणाल्या, 'आहे की.' मी ती उचलून पायात सरकवली आणि विसरून गेले. आतून अशा काही शिव्या ऐकू येत होत्या की शेजारच्या काकांनी खिडकी लावली, मग थोडी उघडली.

शेवटी प्लग निघाला. काळाकुट्ट, टोक झिजून गेलेलं. बाकीचे तिघे त्याच्यापुढे कालची पोरं. सासूबाईंनी चौघांना फरशीवर ओळीने निजवलं आणि त्यांचा पारा चढला.

'हा गाडीबरोबर जन्मलेला आहे! म्हणजे तो मेला मेस्त्री इतकी वर्षं तीनच बदलत होता. चौथ्याला लांबून नमस्कार!'

'आणि झटके?'

'हाच देत होता. उपाशी ठेवलंय ना त्याला.' त्या इतक्या खूश झाल्या की मला वाटलं नाचतात आता. 'बघ, गाडीला काही झालेलं नाही. काही म्हणजे काही नाही.'

दुपारचे दोन वाजले होते. नवा प्लग बसवला की संपलं. मी मनातल्या मनात नवऱ्याचा पडलेला चेहरा बघूनही घेतला.

त्यांनी हात आत घातला. नळी फिरवली. थांबल्या. पुन्हा फिरवली. प्लग टणकन खाली पडला. मी चमच्याला लोहचुंबक बांधून तो वर काढला, त्यांनी पडून त्याच्या टोकाची फट मिटली नाही ना ते पाहिलं, पुन्हा हात घातला. पुन्हा टणकन. मग नळी टाकून नुसत्या बोटांनी प्रयत्न केला. अर्धा तास गेला, पाऊण गेला. तोंडाने एक शिवी नाही. ते मला आवडेना. शिव्या न देणारी सासूबाई मी पाहिलेलीच नव्हती.

'धरतोय का गं?' त्यांनी विचारलं.

'मला काय माहीत, हात तुमचा आहे.'

त्यांनी हात बाहेर काढला. बोटांच्या पेरांवर दोन ठिकाणी सोललं होतं, रक्त होतं. त्या ते बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसा. मग पाना उचलला. मला वाटलं, आता जोर करतात. पण त्यांनी तो परत खाली ठेवला.

'तुझा हात दे.'

अकरा वर्षांत या बाईने माझ्याकडे मीठसुद्धा मागून घेतलं नव्हतं. डबा उचलून घ्यायच्या. मी गुपचूप बांगड्या काढल्या.

'डोळे मिट. पाइपाच्या खालून जा. आता डावीकडे. लागलं भोक? ठेव त्यावर. जोर नको, बाई! हे बाळंतपण नाही. आता उलटा फिरव.'

'उलटा?'

'उलटाच. हळू. एका जागी तो टक् करून किंचित खाली बसेल. तो आट्याचा तोंडाशीचा भाग. तिथून सुलटा.'

मी उलटा फिरवला. काही नाही. अजून थोडा. आणि बोटांच्या टोकांना ते कळलं. किती बारीक, तांदळाच्या कणीएवढं, पण स्पष्ट. टक्. मी सुलटा फिरवला आणि तो मेला लोण्यात शिरल्यासारखा शिरत गेला.

'कळलं!' मी ओरडले. 'आई, कळलं मला!'

'कळलं ना?' त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता स्वतःची बोटं एकमेकांवर घासत राहिल्या.

शेवटचा पाव वळसा पान्याने दिला, टोप्या लावल्या, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि अशी चालली की मी दारावर हात ठेवून बघितला, चालू आहे का म्हणून. मी सासूबाईंना मिठी मारली. त्यांनी मारू दिली, तेही नवलच.

पाचला नवरा आला, मागोमाग जुन्या गाड्यावाला, पान खाल्ल्यासारखं तोंड करून. गाडी अंगणात घुर्र करत उभी. नवऱ्याने कान दिला, बॉनेट उघडून पाहिलं, जुने प्लग पाहिले. चेहरा मी ठरवला होता त्याहूनही छान पडला.

'चौथापण?'

'चौथापण,' मी म्हणाले. कुणी बसवला ते सांगायचं नाही, हे मी कधीच ठरवलं होतं.

'हरलो बाबा,' त्याने हात जोडले. 'ठेव गाडी. काका, माफ करा, उगाच फेरी झाली तुमची.'

सासूबाई गाडीत जाऊन बसल्या. दार लावलं, काच वर केली. ब्रेकवर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, खाली वाकून पायाकडे पाहिलं. असं चार-पाच वेळा. मग इंजिन बंद केलं, उतरल्या, आणि सरळ जाऊन किल्ली त्या गाड्यावाल्याच्या हातात दिली.

'गाडी ठणठणीत आहे. भंगारात घालायची नाही. चालवणाऱ्याला द्यायची.'

'अगं आई, पण तू जिंकलीस!'

'चौथा प्लग हिने बसवला. माझ्या हाताला कळेना.' त्या अगदी वॉर्डातला कागद वाचून दाखवावा तशा बोलत होत्या. 'साखर आहे मला चौदा वर्षं. बधिरपण हातापर्यंत आलं म्हणजे पाय कधीच गेलेले असतात. दवाखान्यात शेकड्यांनी पाहिलेत मी असे पाय.'

'मग मी दुसरं काय सांगत होतो तुला?'

'तू गाडीला नावं ठेवत होतास,' त्या म्हणाल्या. 'तिचा काही दोष नव्हता.'

मला इतका राग आला! नवऱ्याचा, त्या पानवाल्या तोंडाचा, माझ्या स्वतःच्या हाताचा. मला ते टक् कळलं नसतं, मी म्हटलं असतं की मलाही काही कळत नाही, तर सगळा दोष त्या अडचणीतल्या भोकावर गेला असता. उद्या दुसरा मेस्त्री शोधला असता. 'कळलं कळलं' म्हणून नाचले मी, आणि तिथेच त्यांची गाडी गेली. फाटकातून ती एकही झटका न देता बाहेर पडली. मी रडले. सासूबाई म्हणाल्या, 'आधी हात धू. बघ कसे झालेत.'

मोरीत नेऊन त्यांनी साबणाचा चुरा माझ्या हातावर ओतला, आपल्या हातावर ओतला, आणि आमचे चारही हात एकत्र चोळायला लागल्या. नखांतलं काळं काढताना पुटपुटत होत्या की, प्लग हलक्या हाताने लावलास, शिकलीस तर बरी होशील. मग त्यांनी गिझरचा नळ सोडला.

मी किंचाळून हात मागे घेतला. कढत पाणी होतं, वाफ येत होती. त्यांचे दोन्ही हात तसेच धारेखाली होते, सोललेल्या पेरांसकट, आणि त्या सावकाश साबण काढत होत्या.

'काय झालं?' त्यांनी विचारलं. 'गरम आहे का?'

मी त्यांचे हात धरून बाहेर ओढले आणि नळ बंद केला.