पक्ष्याने खाल्लेला पंख

उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात टेकचंद शेठचा चादरी छापायचा कारखाना होता. नाथा तिथे चित्रं काढायचा. त्याच्या चित्रांच्या स्क्रीन, म्हणजे रंग गाळणाऱ्या जाळीच्या चौकटी, बनायच्या आणि आम्ही चार जण त्या टेबलावर पसरलेल्या कापडावरून ओढायचो. मी चोवीस वर्षं ओढल्या. चित्र चांगलं की वाईट हे मला डोळ्यांपेक्षा खांद्यांना आधी कळतं. वाईट चित्राचे रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत, फ्रेम परत परत उचलावी लागते. नाथाच्या चित्राला ती कधी उचलावी लागली नाही.

चित्र म्हणजे नक्कल. शेठ बाहेरगावची चालणारी चादर आणून त्याच्यापुढे टाकायचे आणि म्हणायचे, "जैसा है वैसा." नाथा अकरा वर्षं जसंच्या तसं काढत आला. एकदा नमुन्यावर चहाचा डाग होता. त्याने तोही उतरवला. त्या चादरीही खपल्या.

त्याचा खरा जीव होता पतंगांत. सकाळी ट्यूबलाइटखालच्या भिंतीवर रात्री दिव्याला आलेले पतंग बसलेले असायचे. काम सुरू करण्याआधी नाथा त्यांची हजेरी घ्यायचा. कण्हेरीवर वाढणारा एक हिरवा, संगमरवरासारख्या रेषांचा, पोट सुटलेला पतंग होता. त्याचं नाव टेकचंद. एक राखाडी, एकदा बसला की ढकलूनही न हलणारा. त्याचं नाव कोंडाजी. कोंडाजी म्हणजे मी.

"माझं नाव का रे?"

"कोंडाजीभाऊ, जेवणाच्या सुट्टीत तुम्ही स्वतःला कधी बघितलंय?"

नाथाचं घर बदलापूर गावात. दारात लिंबाचं झाड. त्यावर सुरवंट वाढायचे, सगळी कोवळी पानं खायचे. त्यातून काळी, निळ्या शिंतोड्यांची मोठी फुलपाखरं निघायची. नाथा सुरवंटांना हात लावू द्यायचा नाही. शेजारीण लोणच्याला लिंबं मागायला आली की त्याची बायको द्रौपदी सांगायची, "आमच्या झाडाला लिंबं लागत नाहीत बाई, फुलपाखरं लागतात. बरणीत मावत असतील तर घेऊन जा."

अठ्ठ्याऐंशी साली गणपती उठले आणि दिवाळीच्या मालाची गडबड सुरू झाली. नाथा शेठना म्हणाला, "एक चित्र माझं स्वतःचं छापा. एकदाच."

"किसका?"

"पतंगाचं. कडेने फुलपाखरं."

"बेडशीट पे कीडा? उस पे कौन सोएगा?"

"काटेवाले गुलाब पे तो रोज सोते हैं, शेठ."

शेठ हसले, पण अट घातली. ऐंशी चादरी छापायच्या. व्यापाऱ्याने परत केल्या तर नाथाने चित्राचं टेबल सोडायचं आणि धुलाईच्या हौदावर उभं राहायचं. हौदावर दिवसभर गुडघाभर पाण्यात ओला कपडा पिळायचा असतो. त्या कामाने दोन वर्षांत बोटं वाकडी होतात. मग पेन्सिल धरायची विसरा. नाथाला हे माहीत होतं. तरी तो हो म्हणाला.

रविवारी त्याने मला त्याच्या घराजवळच्या खरवईला नेलं. तिथे अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या भिंतीवर, दीड पुरुष उंचीवर, एक पतंग बसला होता. दोन्ही तळहात जोडून पसरले तर जेवढे होतील तेवढा. विटकरी रंग, चारी पंखांत पारदर्शक तिकोनी खिडक्या, वरच्या पंखांच्या टोकाला सापाचं तोंड. नाथा शिडीवर चढला. मी खाली शिडी धरली. सकाळी आठ ते दुपारी दोन.

"खात काय असेल हा?" मी खालून विचारलं.

"काही नाही. याला खायला तोंडच नसतं. सुरवंट असताना खाल्लं त्यावर आठवडाभर जगायचं."

"म्हणून तू मलाही जेवू देत नाहीस का?"

द्रौपदीने डबा पाठवला नव्हता. दुपारी तिचा नुसता निरोप आला, "माझ्या तोंडाकडे सहा तास बघितलं असतंत तर पुरणपोळी पाठवली असती."

चित्र सहा रंगांचं झालं. मधोमध हातभर पतंग. कडेने सात तऱ्हेची फुलपाखरं: लिंबावरचं काळं-निळं, रुईवरचं केशरी, खालून पिवळं-लाल असलेलं पांढरं. त्यात एक वाळकं पान होतं.

"ये कचरा क्यों?" शेठनी विचारलं.

"फुलपाखरूच आहे. पंख मिटून बसलंय."

सहा रंग म्हणजे टेबलाच्या सहा फेऱ्या. शेवटचा काळा. तो बसला की चित्राला कडा येतात. ऐंशीव्या चादरीवर काळा ओढून मी पाठ सरळ केली आणि पहिल्यांदा अख्खं चित्र पाहिलं. पतंगाच्या डाव्या पंखाचा सुपारीएवढा तुकडा नव्हता.

"नाथा, हा पंख असा का?"

"पक्ष्याने खाल्लेला."

"मग भरला का नाहीस? उजवा समोर होता की. तो उलटा करून काढायचा."

नाथा उजव्या पंखाकडे बघायला वाकला. अकरा वर्षं जैसा है वैसा. उलटा करून काढता येतो हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेठनी पाहिलं. ओरडले नाहीत. हौदाकडे फक्त बोट दाखवलं. पण माल छापलेला होता आणि जळगावकडचा व्यापारी दारात उभा होता. गादीवर चादर पसरली गेली आणि शेठ बरोबर डाव्या पंखावर मांडी घालून बसले. चहा आला. भजी आली. शेठ हलेनात.

"शेठ, जरा उठा ना," व्यापारी म्हणाला.

"बैठो साईं, क्या जल्दी है?"

"तुम्ही मालावर बसलाय."

शेठ उठले. व्यापाऱ्याने तुकड्याच्या जागी बोट ठेवलं. "हे काय?"

नाथा पुढे झाला. "चोच मारलीय. पतंग खरा होता."

व्यापाऱ्याने तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "आमच्याकडे गुलाब बघून गिऱ्हाईक वैतागलंय," तो म्हणाला. "ऐंशी द्या. अजून दोनशे छापा. चोच राहू द्या."

"राहणारच," शेठ म्हणाले. "असली माल की निशानी है."

नाथा टेबलावर राहिला. दिवाळी झाली तेव्हा कॅम्पाच्या बाजारात तोच पतंग, दुसऱ्या कारखान्यांनी नक्कल केलेला, चार दुकानांत लटकत होता. तिघांनी चोचही तशीच उतरवली होती. नाथा त्या तिन्ही दुकानांपुढे उभा राहून खुशीत पान खात होता. चौथ्याने मात्र पंख भरला होता, आणि भरताना तिकोनी खिडकी गोल काढली होती. तिथे नाथाचं भांडण जुंपलं. माणसं जमली. शेठनी दंडाला धरून त्याला बाहेर काढलं.

"माल चुराया, इसलिए लड़ता है?"

"चोरला ते बरं केलं, शेठ," नाथा म्हणाला. "पण चोरायलाही बघावं लागतं."