तात्यांच्या फोनचा आवाज

पिंपळवंडीच्या भिमाजीतात्यांना कमी ऐकू यायचं. गावात फोन दुरुस्त करणाऱ्या राजरत्नने त्यांचा नवा फोन रूट केला, म्हणजे त्याचं कंपनीचं लॉक उघडलं, आणि कंपनीने घातलेली आवाजाची मर्यादा काढली. यानं वॉरंटी जाते, हे मात्र त्याने सांगितलं नाही. तीन आठवड्यांत स्पीकर फाटला.

जुन्नरच्या सर्व्हिस सेंटरला तो तात्यांसोबत गेला. निघण्याआधी त्याने मूळ सॉफ्टवेअर गुपचूप परत टाकलं होतं. काउंटरवरच्या मुलीने फोन तपासला.

"लॉक उघडल्याची नोंद राहिलीय यात. रूट कुणी केला?"

"काय म्हनती ती?" तात्यांनी विचारलं.

राजरत्नने तात्यांवर ढकललं असतं, तरी त्यांना ते ऐकू आलं नसतं.

"मी केला," तो पुटपुटला.

"मग वॉरंटी नाही मिळणार."

"आरं, मोठ्यानं बोल की राव!"

मागे रांगेत त्याची दोन गिऱ्हाइकं उभी होती. तरी तो ओरडून म्हणाला, "तात्या, वॉरंटी माझ्यामुळं गेली! मी तुमाला सांगितलंच न्हाई!"

तात्यांनी काउंटरवरचा फोन उचलून खिशात टाकला.

"आदी सांगायचं व्हतंस," ते म्हणाले. "मी तरीबी कर म्हनलो असतो."