माझ्या आवाजात बोलणारी

आज धारला माझं सगळं सुखाचं चाललं आहे, म्हणून हे शांतपणे सांगता येतं.

लग्नाआधी देवासला मी एका पुस्तकांच्या दुकानात नोकरी करायची. शाळेची पुस्तकं, परीक्षांची गाइडं आणि मागच्या भिंतीला मराठी पुस्तकांचं एक कपाट. मालकही आमच्यासारखेच इकडे स्थायिक झालेले मराठी; मी त्यांना काका म्हणायची. मराठी गिऱ्हाईक कमी, तरी ते कपाट त्यांनी हट्टानं ठेवलं होतं, आणि ते मी सांभाळायची.

चौथ्या वर्षी कन्नौदकडची एक मुलगी कामाला लागली. माझ्याहून थोडी लहान, घरी हिंदी बोलणारी, देवासला खोली घेऊन एकटीच राहायची. "दीदी, मला मराठी शिकवा ना," पहिल्याच आठवड्यात म्हणाली. माझी धाकटी भावंडंसुद्धा मराठी वाचायचा कंटाळा करतात, त्यामुळे मला फार बरं वाटलं. दुपारी ती कपाटापाशी जमिनीवर बसून एकेक शब्द विचारायची. दिवस छान जात होते.

मग तिनं माझ्यासारखा मधोमध भांग पाडला. माझ्यासारखंच उजव्या हातात घड्याळ घालू लागली. काका हसायचे, "जुळ्या बहिणी झाल्या की!" मीही हसायची. एका रविवारी बाजारातून घरी आले तर ही स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसलेली, आणि माझ्या आईला 'आई' म्हणत होती. आईला कौतुक वाटत होतं. मला मात्र ते खटकलं, कारण मी तिला घर कधी दाखवलंच नव्हतं.

त्याच सुमारास धारचं स्थळ जमलं. आठ दिवसांत मुलाकडून बाबांना फोन आला, "तुमच्या मुलीनं काल स्वतः फोन करून नकार दिला. आम्ही काही चुकलो का?" मी तर फोन केलाच नव्हता. मुलगा माझ्याशी बोलला तेव्हा म्हणाला, "आवाज तुमचाच होता. 'माझं आपलं एवढंच म्हणणं' असंसुद्धा म्हणालात." ते माझंच पालुपद. मला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी कपाट उपसलं. मागच्या रांगेत एक वही होती. मी काय बोलले, काय खाल्लं, कधी रुसले, सगळं माझ्याच वळणाच्या अक्षरात. शेवटच्या अख्ख्या पानावर माझी सही गिरवलेली.

"ती माझी वही आहे."

ती दारात उभी होती. अगदी माझ्या सुरात बोलली.

"फोन तू केलास?"

"हो. तुम्ही धारला गेल्यावर मी कोणासारखी राहू?" असं म्हणत तिनं शटर खाली ओढलं. दुकानात आम्ही दोघीच. ती एकेक पाऊल पुढे येत होती, हसत होती.

"भिया! कोणी आहे का? शटर उघडा!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. शेजारच्या चहावाल्याला आम्ही सगळे भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचो; त्यानं धावत येऊन शटर वर केलं. उजेड आत आला तशी ती मटकन खाली बसली आणि रडू लागली, "मेरेको मत छोड़ो, दीदी." कितीतरी महिन्यांनी तिचा स्वतःचा आवाज ऐकला.

काकांनी तिच्या भावाला बोलावून घेतलं. त्यानं हात जोडले. आधी कॉलेजातल्या एका बाईंच्या मागेही ती अशीच लागली होती म्हणे. इंदूरला उपचार सुरू करायचं त्यानं कबूल केलं. पोलिसांत जा, असं बरेच जण म्हणाले. मी गेले नाही. बरोबर केलं की नाही, अजून सांगता येत नाही. लग्न मात्र ठरल्या दिवशीच झालं.

मागच्या वर्षी नेमावर गावी नर्मदेच्या घाटावर ती भेटली. केस कापलेले, कडेवर लेक. "दवाई चलती है, अब ठीक हूँ," एवढंच म्हणाली. तिच्या लेकीनं माझं बोट धरलं आणि मी ते सोडवून घेतलं नाही. थोडा वेळ आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो.

गाडीत नवऱ्यानं विचारलं, "घाबरलीस का गं?"

"नाही," मी म्हटलं, "भूक लागली आहे." मग वाटेत थांबून आम्ही गरम भुट्टे खाल्ले.