बाकावरचा परदेशी म्हातारा : अड्याळ ते भंडारा

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात मी सुनंदाला, माझ्या मोठ्या मुलीला, घेऊन भंडाऱ्याला जायचं ठरवलं. चित्रकला शिक्षकाच्या कोर्ससाठी तिची ही दुसरी मुलाखत. आदल्या वर्षी साहेबांपुढे तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. यंदा तिच्या बाबांनी सांगूनच टाकलं होतं, "आता नाही झालं तं स्थळ पाहू."

सकाळच्या पहिल्या एसटीने अड्याळहून निघालो. लग्नसराईत जाणार असाल तर हीच गाडी धरा, पुढच्या गाड्यांत वऱ्हाडी बसू देत नाहीत. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, तळ्यांचं पाणी आटून मध्यावर आलेलं, आणि खिडकीतून मोहाचा गोड वास. हॉटेलचा खर्च नको म्हणून लाखोळीच्या डाळीचे वडे घरूनच नेले होते. सोबत लोणचं असलं की दोघींचं भागतं.

चित्रकलेची शाळा स्टँडपासून पायी जाण्याजोगी. हॉलमध्ये परदेशी चित्रांच्या छापील प्रती मांडल्या होत्या, पालकांनाही पाहायची मोकळीक होती. शेवटी एका बाकावर, भिंतीला टेकवून, काळ्या-तांबड्या खडूने काढलेला म्हातारा. खाली लिहिलेलं : वृद्ध पुरुष, बरोक काळ, युरोप, सतरावे शतक. याच चित्रावर मुलामुलींनी बोलायचं होतं.

आमच्याकडे म्हाताऱ्याचं चित्र मांडतात ते तो गेल्यावरच. मी चपला काढल्या, देवापुढचं चाफ्याचं फूल पदरात होतं ते त्याच्यापुढे ठेवलं आणि वाकले.

"काकू, फूल कायले?" मागची एक मुलगी खिदळली. "तो काही तुमचा आजा नाही!"

"कोणाचा तं असनच ना वो बाई."

सुनंदा शरमेने लाल. "माय, उठ ना! आधीच मले काही सुचून नाही राहिलं. सारे म्हणतात तो दुःखी आहे. तेवढंच सांगू का?"

पण वाकल्यामुळे चेहरा अगदी डोळ्यांसमोर आला होता. अंगरखा नुसत्या दोन रेघांत सोडलेला. कान मात्र बारीक निगुतीने काढलेला. मान तिरकी, तोंड जरासं उघडं. माझे सासरे अस्सेच बसत. त्यांना एकाच कानाने ऐकू यायचं.

"दुःखी कायचा? त्याले कमी ऐकू येते. चांगला कान पुढे करून राहिला, पाह्य. तुझा आजा करते तसा."

सुनंदा खाली बसली. बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे कोणी बोलून राहिलं त्याच्याशी. चित्र काढणाराच, माय! अन् हा जवाब द्याले तोंड उघडून राहिला."

हे मात्र मला दिसलं नव्हतं.

बारा वाजता ते चित्र मुलाखतीच्या खोलीत नेलं. उकाड्याने दार उघडंच होतं. सुनंदा बोलली, न अडखळता बोलली. साहेबांनी विचारलं, "हे कोणत्या पुस्तकात वाचलं?"

"पुस्तकात नाही, सर. आमच्या घरी आजोबा आहेत."

साहेब खुर्चीतून उठले आणि चष्मा कपाळावर चढवून त्या कानाकडे पाहत राहिले.

चार वाजता यादी लागली. पाचवं नाव तिचं. घरी पोचून सांगितलं तर तिचे बाबा माळ्यावर चढून तिच्या सामानासाठी ट्रंकेची किल्ली शोधू लागले.

एका दिवसाचाच तो प्रवास. त्यातलं काय उरलं, ते जुलैत कळलं. भंडाऱ्याच्या वसतिगृहातून सुनंदाचं पहिलं पत्र आलं, आत एका चित्राची तिने पेन्सिलीने केलेली नक्कल. "माय, ही बाई हातात काय लपवून राहिली? तुले काय वाटते?"

भाताचं आधण उतरवून ठेवलं आणि कागद घेऊन मी उजेडात जाऊन बसले.