शेवंताचं बोट

बायकोला हे सांगायचं राहून गेलं. आता ती नाही. म्हणून तुम्हाला सांगतो — आयुष्यात पहिल्यांदाच.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची वर्षं. कोरेगाव तालुक्यातल्या एका वाडीवर मी एकटाच मास्तर. लोक मला चांगला म्हणायचे. होतो का मी? मुलांना मारत नव्हतो — एवढंच.

तिसरीत शेवंता होती, मेंढपाळाची मुलगी. एकदा ऐकलेली कविता विसरायची नाही. पण पुस्तक पुढं केलं की गप्प. काल ओळखलेलं अक्षर आज तिला अनोळखी. ‘गुरुजी, अक्षरं जाग्यावर ऱ्हात न्हाईत,’ म्हणायची, आणि वर्ग हसायचा. मीही — हसलो असेन. अशा अडचणीला नाव असतं, हे मला फार उशिरा कळलं. पण पोर खोटं बोलत नाही, हे तेव्हाही कळत होतं ना?

दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, तपासणीला येणार होते. तिसरीतलं प्रत्येक मूल वाचतं, असं मी वर कळवून बसलो होतो. मग शाळा सुटल्यावर शेवंताला थांबवून घेऊ लागलो. एक धडा पाठ करून घेतला. ओळीखाली बोट कसं सरकवायचं, पान कधी उलटायचं — तेही शिकवलं.

‘गुरुजी, हे वाचणं न्हवं की.’

‘होईल हळूहळू. कुणाला सांगू नकोस.’

‘आबालाबी न्हाई?’

‘आबालाही नाही.’

तपासणीच्या दिवशी तिचे वडील, आबा, मेंढरं दुसऱ्याकडे सोपवून मुद्दाम शाळेच्या दाराशी येऊन बसले. शेवंतानं धडा खणखणीत म्हटला. आबा शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होते, ‘बग रं गड्या, कशी घडाघडा वाचतिया!’ साहेबांनी सहज पुढचं पान काढून दिलं. तिनं त्यावर बोट ठेवलं — आणि तोच धडा पुन्हा सुरू केला.

साहेब माझ्याकडे वळले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, ‘साहेब, मलाही फसवलं हिनं.’

शेवंता माझ्याकडे बघत राहिली. बोट अजून पानावरच. आता ही सांगून टाकणार, असं वाटलं. पण कुणाला सांगू नकोस, असं मीच म्हटलं होतं ना? ती बोलली नाही.

आबा उठले. माझ्यापुढं हात जोडले. ‘पोर चुकली, गुरुजी. तुमास्नी खाली बघाया लावलं. उद्यापास्नं मेंढरांमागं जाईल.’

मी म्हणालो, ‘बरं.’