मागे कोणी नाही

सायकलच्या सहलीत जो सगळ्यांत पुढे असतो, त्याचे फोटो निघतात. जो सगळ्यांत मागे असतो, त्याचे हात चेनच्या तेलाने काळे होतात. हिचे हात कायम काळे असायचे. तिला सगळे ‘शेपूट’ म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. नवीन मंडळी आली की ती स्वतःच ओळख करून द्यायची, "मी शेपूट. मी शेजारी दिसले की समजायचं, तुमची गाडी आज सावकाश चाललीय."

साठी जवळ आलेली, अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. पंक्चर झालेल्या माणसाला आधी दोन शब्द सुनवायची, मग ट्यूब काढायची. ज्याला दम लागलाय त्याला "हवा बघा की जरा, एवढं सुंदर आहे सगळं" असं म्हणून थांबवायची, म्हणजे त्याची लाज राहायची. सायकली भाड्याने देणारं दुकान तिच्या नवऱ्याने आणि दिराने मिळून काढलेलं. दर रविवारी पाहुण्यांना घेऊन एक फेरी व्हायची. गावाबाहेरच्या बागेतून निघायचं, कालव्याच्या काठाकाठाने शेतं ओलांडायची, मग टेकडीवरचा पडका किल्ला, तिथपर्यंत पॅडल थांबवायची सोय नसे. किल्ल्यापासून दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांखालून लांबलचक उतार लागायचा, उताराच्या तळाशी दगडी पूल, पुढे छोटा चढ आणि तळं. तळ्याकाठी दुकानाची शेड होती, तिथे जेवण.

शेडच्या फाटकात दीर उभा असायचा. शेपूट आत आलं की तो विचारायचा, "मागे?" आणि शेपटाने म्हणायचं, "मागे कोणी नाही." हे झाल्याशिवाय भांड्यांवरची झाकणं निघत नसत, पाहुणे कितीही कळवळोत. हा नियम नवऱ्याने घातलेला. तेव्हा शेपूट तो होता आणि ही पुढे असायची, फोटोंमध्ये.

तो गेला तो असाच एका रविवारी. ही पुढच्या घोळक्याबरोबर शेडमध्ये पोहोचली, कोणीतरी विनोद सांगत होतं, ही हसत होती. पाहुणे एकेक करत सगळे आले. नवरा आला नाही. कोणाची तरी हवा भरत बसला असेल, असं हिलाही वाटलं आणि दिरालाही. पाहुणे कळवळले, म्हणून त्या एका दिवशी नियम मोडून झाकणं आधीच काढली. पण सगळे तर आत आले होते, मग तो हवा कोणाची भरणार? हा साधा हिशेब कोणाच्या ध्यानात यायला जेवणं निम्मी व्हावी लागली. उताराच्या वळणावर एका झाडाला टेकून तो बसलेला सापडला. सायकल नीट स्टँडवर लावलेली. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ बसला असेल. ते ‘बराच वेळ’ तिच्या काळजात रुतलं ते रुतलंच. ज्याने आयुष्यभर कोणाला मागे राहू दिलं नाही, त्याच्या मागे बघायला कोणी नव्हतं.

तेराव्या चौदाव्या दिवसाची वाट न बघता ती लगेच शेपूट झाली. दीर म्हणाला, "वहिनी, मी जातो ना मागून." ती म्हणाली, "भावजी, तुम्ही फाटक सांभाळा." विषय संपला. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात होती, ती फोनवर दर वेळी तेच तेच आळवायची, "आई, पुरे आता. माझ्याकडे ये. त्या रस्त्यावर कशाला जातेस?" आई म्हणायची, "हवा चांगली आहे इथली."

खरं कारण तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. पहिल्याच फेरीत, किल्ल्यावरून उतरताना, पॅडल मारायचं थांबवून सायकल मोकळी सोडली, तेव्हा मागून आवाज आला. नवऱ्याच्या सायकलीच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील, आतली दातेरी चकती, एका ठिकाणी झिजलेलं होतं. मोकळं फिरताना ते टक टक टक करायचं आणि मध्येच एक टक गाळायचं, बोळकं तोंड बोलतं तसं. कितीदा म्हणाली होती, बदलून घ्या. तो म्हणायचा, "असू दे. मी येतोय हे तुला कळतं." तोच आवाज. मागे, झाडांखाली, दोन सायकलींच्या अंतरावर. तिच्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी जीव भांड्यातही पडला. ती वळली नाही. वळलं तर जाईल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

दर रविवारी तेच व्हायचं, वर्षानुवर्षं. उतारभर तो मागून यायचा आणि पुलाशी थांबायचा. पूल आला की ती मागे न बघता डावा हात वर करायची, येते म्हणून, आणि चढाला लागायची. शेडच्या फाटकात दीर विचारायचा, "मागे?" आणि ती म्हणायची, "आले सगळे." मागे कोणी नाही, हे शब्द तिने तोंडातून कधी काढले नाहीत. दिराने ते पहिल्याच दिवशी हेरलं होतं. पण तोही भावाचा भाऊ होता, त्याने कधी टोकलं नाही.

एका रविवारी पाहुण्यांत टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. एकट्याच आलेल्या, लाल टोपी, बोलणं कमी, बघणं जास्त. दिसेल त्या पक्ष्यापाशी, दिसेल त्या दगडापाशी थांबायच्या. शेपटाचं आणि त्यांचं सकाळपासून चांगलं जमलं होतं. बाई म्हणाल्या, "माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतोय." शेपूट म्हणालं, "उशीर हाच माझा धंदा आहे."

किल्ल्यात सगळे पांगले. निघताना शेपटाने किल्ल्याच्या मागच्या पडक्या दारापर्यंत चालत जाऊन बघायचं असतं, हाही नवऱ्याचाच नियम. अलीकडे तिने त्याला फाटा दिला होता. पुढच्या दारातूनच ती ओरडली, "राहिलंय का कोणी?" उत्तर आलं नाही. लाल टोपी पुढच्या घोळक्यात गेली असेल, असं तिने ठरवून टाकलं. तिला उताराची घाई झाली होती. आठवडाभर ती त्या उताराची वाट बघायची, एखादी नवी नवरी बघते तशी, आणि याची तिला लाजही वाटायची.

उतार लागला, तिने पॅडल थांबवलं. सुरुवातीला नुसती पानांची सळसळ. मग मागून आलं. टक टक टक, गाळलेला एक, टक टक. इतक्या जवळून, इतकं स्पष्ट ते कधीच आलं नव्हतं. टायरखाली पानं चुरडत होती तेसुद्धा ऐकू येत होतं. तिचे डोळे भरून आले. आज हा अगदी पाठीशीच आलाय, आज बोलेलसुद्धा, असं तिला वाटलं. हँडल घट्ट धरून, मान ताठ ठेवून ती उतरत राहिली. वळण गेलं. मागे काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला, फांदी पडावी तसा, आणि टकटक थांबली. पुलाच्या बऱ्याच आधी. दमला असेल, तिच्या मनात आलं. तिने नेहमीसारखा डावा हात वर केला आणि पुढे गेली.

"मागे?" दिराने विचारलं.

"आले सगळे," ती म्हणाली. चेहऱ्यावर असं काही होतं की दीर दोन क्षण बघतच राहिला.

ताटं मांडली गेली. एका ताटासमोरची खुर्ची रिकामी होती. कोणीतरी म्हणालं, त्या टपालवाल्या बाई कुठे आहेत? कोणीतरी म्हणालं, त्या तर मागे होत्या, शेपटाबरोबर. दिराने तिच्याकडे बघितलं. तिच्या हातातला पाण्याचा जग होता तिथेच राहिला.

"वहिनी, उतारावर मागून दादाच्या चाकाची टकटक आली का?" एवढं विचारून दीर स्वतःच पांढराफटक पडला. "सकाळी त्यांच्या सायकलीचं मागचं चाक वाकडं निघालं. दुसरं नव्हतं हाताशी. मी दादाच्या सायकलीचं भिंतीवरचं चाक काढून बसवलं. तुम्हाला सांगणार होतो... नुसतं लटकून राहिलं होतं हो ते."

तिने जग खाली ठेवला आणि सायकल उचलली. छोटा चढ उतरून पूल, मग उलटा तो उतार, सगळा तिने उभ्याने पॅडल मारत काढला. दीर गाडी काढून मागून येईपर्यंत ती पोहोचलीसुद्धा. वळणाच्या खाली, रस्त्याकडेच्या चरात, बाई आडव्या होत्या. पाय घोट्यापाशी भलत्याच दिशेला वळलेला. लाल टोपी छातीवर धरलेली. त्याच झाडाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर.

"आलात?" बाई म्हणाल्या. ओठ निळे पडले होते, पण आवाज शांत होता. "मी म्हटलंच येणार."

"बाई, मला माफ करा. मला कळलंच नाही—"

"असं काय करता? किल्ल्याच्या मागे घरटं बघत होते, म्हणून मागे पडले. ओल्या पानांवरून चाक सरकलं. मी हाक मारली, आणि तुम्ही हात वर केलात की. म्हटलं, चला, बघितलं यांनी, आता मदत घेऊन येतील. म्हणून मग ओरडत बसले नाही. फोनही तिकडे कुठे उडाला, शोधला नाही. तुमचा हात बघितला म्हणून धीर धरला हो. नाहीतर मेलेच असते भीतीने."

हाक ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि ऐकली नाही असंही ती शपथेवर सांगू शकली नसती. बाईंचा थंडगार हात हातात घेऊन ती चरात बसली. शेजारी बाईंची सायकल उलटी पडली होती आणि वाऱ्याने मागचं चाक हळूहळू फिरत होतं. टक टक, गाळलेला एक, टक. बाईंनी विचारलं, "तुम्ही का रडताय? लागलंय तर मला." तरीही तिचं रडू थांबेना. पलीकडचं ते झाड तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळे उघडून बघितलं. तोही असाच बसला असेल, पुढून कोणी वळेल म्हणून वाट बघत.

बाईंचा पाय बसवला गेला. दवाखान्यात ती रोज जाऊन बसायची. आपण हात कोणाला केला होता, हे तिने चौथ्या दिवशी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुढच्या वेळी वळून बघा." त्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी दीर म्हणाला, "वहिनी, या वेळी राहू दे." ती ऐकणाऱ्यांतली नव्हतीच. किल्ल्याच्या मागच्या दारापर्यंत ती चालत गेली, कोपरा न् कोपरा बघून आली. उतार लागला. पॅडल थांबवलं. नवऱ्याचं चाक दुकानाच्या भिंतीवर परत टांगलं होतं, तिने स्वतःच्या हाताने टांगलं होतं.

आवाज आला.

ती वळणापर्यंत तशीच उतरली. मग ब्रेक दाबला, पाय टेकवला आणि सायकल आडवी करून पूर्ण वळून मागे बघितलं. ओली पानं, झाडांचे बुंधे, किल्ल्याकडे चढत गेलेला रस्ता, आणि एक कुत्रं, ते तिच्याकडे बघून निघून गेलं. ती उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली, तो झाडाशी बसला असेल तेवढा. मग पुलावरून हात वर न करता गेली.

फाटकात दीर उभा होता. विचारू की नको, अशा बेताने त्याने विचारलं, "मागे?"

तिने सायकल स्टँडवर लावली. मान रस्त्याकडे वळवली आणि एवढ्या मोठ्याने म्हणाली की ताटांवर बसलेले सगळे चमकून बघायला लागले. तो पुलापाशी अजून थांबला असेल, तर त्यालाही ऐकू जावं एवढ्या मोठ्याने.

"मागे कोणी नाही."

दिराने फाटक लावून घेतलं.