मान किती झुकवायची?

आमच्या सोलापूरच्या वर्कशॉपमध्ये स्क्रू हरवतात, पाने हरवतात, किस्से मात्र साचतच जातात. आम्ही घरकामाचे रोबो बनवतो म्हटलं की लोक कौतुक करतात. तो रोबो लाजतो, दमतो, ओशाळतो, तेही तोंड नसताना, असं सांगितलं की विचारतात, "कशाला पण?" चार वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही.

हट्ट आमच्या बिराजदार सरांचा. चेहरा नाही, आवाज नाही, भावना फक्त मान, खांदे आणि हातांतून. मान माझ्याकडे. यंदा त्यांनी तीन घरांत महिनाभर ट्रायलला रोबो दिले आणि जाहीर केलं, एका तरी घरानं "राहू द्या" म्हणायला हवं, नाहीतर प्रोजेक्ट बंद! म्हणजे मी नोकरीसाठी पुण्याला. आईला इथं एकटीला टाकून जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

*

सगळ्यात छळलं ते शरमेनं. चूक झाली की रोबोनं ओशाळायचं. सरांनी आम्हा सहा जणांना कॅमेऱ्यासमोर उभं करून ओशाळायला लावलं. तीन दिवस एकालाही जमेना. वेल्डर इस्माईलभाई वैतागून म्हणाले, "साब, शरम आर्डर पे नहीं आती."

चौथ्या दिवशी सरांनी विचारलं, खांद्याची मोटर कोणी जाळली? सहाच्या सहा माना खाली! कॅमेरा चालूच होता. आज रोबोच्या मानेत तोच कोन आहे.

*

पहिलं घर शुक्रवार पेठेत. रोबोनं चहा सांडला आणि मान खाली घातली. सासूबाई खूश. सुनेला म्हणाल्या, "बघ, ह्याला चूक झालेली कळती."

तासाभरात सुनेचा फोन, आजच्या आज घेऊन जा. मी घाबरून विचारलं, काही बिघडलं का?

"न्हाई ओ, लई चांगलाय. म्हणूनच न्या."

*

दुसरं घर मंद्रूपला. चार्जिंग उतरलं की खांदे पडतात, ही माझीच आयडिया. तिथले काका हळवे निघाले. खांदे पडले की "दमलंय ओ बिचारं" म्हणत त्याला पंख्याखाली उभं करायचे आणि झाडू स्वतः हातात घ्यायचे.

आठवड्यानं गेलो तर काकूंनी रोबो दारात आणून ठेवलेला. "तीस वर्सं मी दमले ते ह्यांना एकदा दिसलं न्हाय," एवढंच म्हणाल्या. आम्ही चहाही न घेता निघालो.

*

राहिलं दुधनी. तिथल्या अज्जींना फक्त कन्नड येतं, आणि आमच्या रोबोला फक्त मराठी. हे आमच्या लक्षात आलं रोबो पोचवल्यावर! पण तक्रार येईना. वीस दिवसांनी फोन केला तर सून म्हणाली, आत्याबाई त्याला सोडायला तयार न्हाईत, राहू द्या की. सरांनी पेढे आणले.

मी मात्र गप्प बसायला हवं होतं. रेकॉर्ड पाहिलं तर वीस दिवसांत रोबोनं एकही काम केलं नव्हतं. अज्जी बोलायच्या, त्याला कळायचं नाही, की तो 'समजलं नाही'ची मान करायचा. किंचित तिरकी, थोडी पुढं झुकलेली. तासन् तास तसाच. मला लाज वाटली. असा निकामी रोबो गळ्यात कसा मारायचा? आठ दिवस खपून त्याला कन्नड शिकवलं.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी दुधनीहून निरोप आला, घेऊन जा.

गेलो. अज्जी भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. सून म्हणाली, परवा त्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगत होत्या. 'पाणी' ऐकलं तसा हा मधेच उठला आणि तांब्या भरून आणला. काल बहिणीच्या लग्नातलं सांगताना 'दिवा' म्हणाल्या, तर बटण दाबायला गेला.

मग अज्जी स्वतःच कन्नडमधून काहीतरी बोलल्या. अर्थ विचारायला मी त्यांच्या मुलाकडं पाहिलं, तर तो मोबाईल कानाला लावून दुकानाकडं निघालेला. शेवटी सुनेनं सांगितलं.

"आत्याबाई म्हणत्यात, आदी सगळं ऐकून घेत हुता. आता माज्या लेकासारखा झालाय. अर्धं ऐकतो आन् उटून जातो."